जुनी इमारत आणि उंच गोदाम : संरचनेच्या बाबतीत या चुका टाळा

इमारत आखताना अभियंत्याने धरलेला भार आणि आज तिच्यावर प्रत्यक्ष बसलेला भार यांत वर्षानुवर्षे अंतर पडत जाते, आणि त्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. जुन्या सोसायट्यांची दुरुस्ती आणि भिवंडी-पनवेल पट्ट्यातील उंच गोदामे ही वरवर पाहता वेगळी कामे आहेत. पण दोन्हीकडे होणाऱ्या बहुतेक चुका याच अंतरातून निर्माण होतात.

गच्ची गळू लागली की जुन्या कोब्यावर नवा कोबा घालण्याचा निर्णय सर्वसाधारण सभेत पाच मिनिटांत होतो. ठाण्यातील एका चार मजली सोसायटीत गळतीची जागा शोधताना आम्ही गच्चीच्या कोपऱ्यात हातभर चौकोन फोडला, तेव्हा वर चायना मोझॅक, त्याखाली विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्याखाली डांबराचा थर आणि त्याखाली पुन्हा कोबा निघाला; स्लॅब लागेपर्यंत टेपवर २२ सेंटीमीटर भरले. दहा सेंटीमीटर जाडीचा कोबा प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो वजनाचा असतो, तर वावर असलेल्या गच्चीसाठी आराखड्यात धरलेला उपयोगी भार (माणसे, सामान यांचा भार) साधारण १५० किलोच असतो. म्हणजे दुसरा कोबा पडला त्याच दिवशी गच्चीवर पाऊल न ठेवताही तो सगळा वाटा संपला होता. योग्य मार्ग म्हणजे जुने थर काढून स्लॅब उघडा करणे, आधी त्याची दुरुस्ती करणे आणि मगच हलके जलरोधक आवरण घालणे. काम चालू असताना स्लॅबला टेकू द्यायचे असतील, तर ते फक्त खालच्या घरापर्यंत देऊन थांबू नये. तसे केल्यास भार नाहीसा न होता एका कमजोर स्लॅबवरून दुसऱ्या कमजोर स्लॅबवर जातो. म्हणून टेकूंची रांग एकाखाली एक अशी थेट जमिनीपर्यंत न्यावी लागते.

दुसरी चूक ठिगळाची आहे. काँक्रीटमधील सळई गंजते तेव्हा तो गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो आणि वरचे आवरण फोडून बाहेर येतो. ठेकेदार सळईचा समोरचा भाग तारेच्या ब्रशने घासतो, पॉलिमर मॉर्टर भरतो आणि रंग देतो. सळईच्या मागच्या बाजूचा गंज मात्र तसाच राहतो. सळईच्या मागे किमान २० ते २५ मिलिमीटरपर्यंत काँक्रीट काढून ती चारही बाजूंनी स्वच्छ केल्याखेरीज ही दुरुस्ती टिकत नाही. काँक्रीटमध्ये क्षार शिरलेले असतील, तर चांगल्या ठिगळाच्याही कडेने पुन्हा गंज सुरू होतो; त्यामुळे दुरुस्तीची सीमा पडलेल्या पोपड्यावरून न ठरवता चाचणीवरून ठरवावी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा द्राव शिंपडला असता जो भाग गुलाबी होत नाही, तिथे सळईचे अल्कलीचे संरक्षण संपले आहे असे समजावे.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. ती करताना केवळ रिबाउंड हॅमरच्या (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटच्या बळाचा अंदाज देणाऱ्या उपकरणाच्या) आकड्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कठीण होतो आणि आकडा खऱ्या बळापेक्षा जास्त येतो. निवडक ठिकाणी कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून तुलना करावी, आणि फॉल्स सीलिंग व फर्निचरमागचे बीम-कॉलम उघडे करून पाहावेत.

तळमजल्याच्या नूतनीकरणात खांबाला किंवा भार वाहणाऱ्या भिंतीला हात लावण्याबाबत फार लिहिण्याची गरज नसावी. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये तळमजल्यावर असेच काम सुरू असताना चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला.

राहत्या मजल्याचे गोदाम करणे हीदेखील त्याच जातीची चूक आहे. घराच्या स्लॅबसाठी प्रति चौरस मीटर २०० किलो उपयोगी भार धरलेला असतो. आयएस ८७५ भाग २ हे मानक गोदामासाठी मालाच्या उंचीच्या दर मीटरला सुमारे २४० किलो आणि एकूण किमान ७५० किलो धरायला सांगते.

नव्या, १२ मीटर उंचीच्या गोदामांतही आकड्यांचा असाच गैरसमज होतो. जाहिरातीत फरशीची क्षमता ५ टन प्रति चौरस मीटर दिलेली असते. पण तो आकडा सर्वत्र पसरलेल्या भाराचा असतो, आणि रॅकचा भार पायांतून उतरतो. चार पातळ्यांवर प्रत्येकी एक टनाचे दोन पॅलेट ठेवले, तर एका गाळ्याचे (रॅकच्या दोन चौकटींमधील जागेचे) ८ टन होतात आणि आतल्या रांगेतील प्रत्येक पायावर ४ टन येतात. पाठीला पाठ लावलेल्या रॅकचे दोन पाय जेमतेम हातभर अंतरावर असतात, म्हणजे तेवढ्या जागेत ८ टन. फरशीच्या सांध्यालगत हे पाय आले तर तपासणी वेगळी करावी लागते. शिवाय यांतील अनेक जागा मुळात भातखाचरे आहेत. मुरूम थरांथरांनी न दाबता एकदम ओतलेला असेल, तर फरशी बसते. एक मीटर खोलीच्या रॅकचा एक पाय फक्त ५ मिलिमीटर खाली गेला, तरी १० मीटर उंचीवर रॅक ५० मिलिमीटर कलतो.

माल उंच आला म्हणून रॅकची सर्वांत खालची आडवी पट्टी वर सरकवणे ही गोदामातील सर्वांत दुर्लक्षित चूक आहे, असे माझे मत आहे. उभ्या खांबाची बाक येण्यापूर्वी भार पेलण्याची क्षमता आधार नसलेल्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. हे अंतर १.५ मीटरवरून २.१ मीटर झाले, तर ती क्षमता जवळपास निम्मी होऊ शकते, आणि वर माल मात्र तेवढाच असतो. पट्टी हलवण्यापूर्वी उत्पादकाकडून नवी भारसारणी घ्यावी आणि ती रॅकवरच लावावी. फोर्कलिफ्टने वाकवलेला खांब ठोकून सरळ करू नये. एक मीटरची सरळपट्टी लावून बाक मोजावा. पट्ट्यांच्या दिशेने ५ किंवा चौकटीच्या (रॅकच्या खोलीच्या) दिशेने ३ मिलिमीटरपेक्षा जास्त भरल्यास खांब बदलण्याची व्यवस्था करावी आणि दुपटीहून अधिक असल्यास तो गाळा लगेच रिकामा करावा.

पोलादी शेडमध्ये दरवाजासाठी जागा हवी म्हणून दोन खांबांमधील तिरके ब्रेसिंग (वाऱ्याच्या आडव्या दाबाविरुद्ध शेड ताठ ठेवणाऱ्या सळया) कापलेले मी अनेकदा पाहिले आहे. उन्हाळ्यात शेडला काहीच होत नाही, त्यामुळे ते निरुपयोगी होते असा समज पक्का होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. मुंबईसाठी मानकात धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. त्यातच वादळात मोठे शटर उघडे राहिले, तर आत शिरलेला वारा छताला खालून उचलतो आणि बाहेरचे शोषण वरून खेचते. तिथे दरवाजा अनिवार्यच असेल, तर ब्रेसिंग दुसऱ्या गाळ्यात हलवता येते किंवा त्याच जागी कडक सांध्यांची पोलादी चौकट बसवता येते. मात्र ती पूर्ण बसून तिचे बोल्ट घट्ट होईपर्यंत जुन्या ब्रेसिंगला गॅस कटर लावू नये.