अर्धविराम कुठे द्यावा

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे अर्धविरामाची (;) जागा सापडणे सोपे आहे. क्रियापद आले, वाक्य पुरे झाले, पण सांगायचे अजून संपले नाही, अशा जागी तो बसतो. 'विहिरीला पाणी आहे; मोटार जळली आहे.' इथे पूर्णविराम दिला तर दोन सुट्या बातम्या होतात आणि त्यांचा संबंध तुटतो.

शंका आली तर अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम ठेवून दोन्ही भाग वेगवेगळे वाचा. एक जरी अधांतरी राहिला तर चिन्ह चुकले. 'पाऊस थांबल्यावर; आम्ही निघालो' हे चूक, कारण 'थांबल्यावर' हे धातुसाधित आहे, पूर्ण क्रियापद नव्हे. तिथे कोणतेच चिन्ह नको. 'जर', 'जेव्हा', 'जो' यांनी सुरू होणाऱ्या भागानंतर स्वल्पविराम द्यावा. 'की'च्या आधी अर्धविराम कधीच येत नाही.

खरी गल्लत होते ती 'पण', 'परंतु', 'म्हणून' यांच्यापाशी. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हे मराठीत रुजवली; पण नियम जसेच्या तसे राहिले नाहीत. इंग्रजीत 'बट'च्या आधी सहसा स्वल्पविराम पुरतो. मराठी व्याकरण मात्र उभयान्वयी अव्ययाने जोडलेल्या दोन वाक्यांमध्ये अर्धविराम सांगते: 'एसटी वेळेवर सुटली; पण घाटात अडकली.' दुसऱ्या भागात कर्ता नाही म्हणून बिचकू नका. 'अडकली' या रूपातच एसटी आहे, वाक्य पुरे आहे. 'गेलो, पण भेटला नाही' इतकी चिमुकली वाक्ये असतील तर स्वल्पविराम चालतो.

यादीत गट पडत असतील तर अर्धविरामाला पर्याय नाही: 'रायगडमधील अलिबाग, मुरूड, पेण; रत्नागिरीतील दापोली, गुहागर; सिंधुदुर्गातील मालवण, कुडाळ.' सगळीकडे स्वल्पविराम दिले तर कोणते गाव कोणत्या जिल्ह्यातले हे कळत नाही. यादी सुरू करताना मात्र अर्धविराम नको. 'साहित्य; रवा, साखर, तूप' असे पुष्कळ जण लिहितात, तिथे अपूर्णविराम (:) हवा.

टंकताना चिन्ह आधीच्या अक्षराला चिकटवा आणि नंतर एक जागा सोडा. आधी जागा सोडली तर ओळ तिथेच मोडते आणि अर्धविराम पुढच्या ओळीच्या तोंडाशी एकटा येऊन पडतो.