नाल्याकाठच्या एकाच पायवाटेची छायाचित्रे जुळत नव्हती : माझा अनुभव

गोंदिया जिल्ह्यातील आमच्या गावाजवळच्या जंगलात नाल्याकाठची एकच पायवाट मी पहाटे, दुपारी आणि सायंकाळी टिपत होतो; परंतु छायाचित्रे शेजारी ठेवली की चौकट सरकलेली दिसे आणि सायंकाळचा तांबूस उजेड दुपारसारखाच फिका वाटे. ट्रायपॉडची जागा अंदाजाने गाठणे आणि नंतर संगणकावर रंग सुधारणे, हे दोन्ही उपाय फसले. अख्खा पावसाळा हातचा गेला, याचे फार वाईट वाटले.

मुख्य दोष ऑटो व्हाइट बॅलन्सचा (कॅमेरा रंगांचा तोल आपोआप साधतो त्याचा) होता, कारण तो प्रकाशाची रंगछटा पुसू पाहतो आणि मला तर नेमकी तीच हवी होती.

प्रथम मी ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली चपटे दगड जमिनीच्या पातळीत पुरले आणि पायांची उंची चिकटपट्टीने कायम केली. मग लेन्स ३५ मिमीवर ठेवून, पडद्यावरील ग्रिडच्या डाव्या उभ्या रेषेवर अर्जुनाच्या बुंध्यावरचा, साल निघालेला पांढुरका डाग आणि खालच्या आडव्या रेषेवर पाण्यातील काळ्या खडकाचे टोक जुळवले. त्यानंतर व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विन (दुपारच्या उन्हाच्या रंगाइतका), आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ आणि फाइल रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ नोंद), असे ठरवून फोकस हाताने त्याच खडकावर धरला. बदलतो तो केवळ शटरचा वेग, तोही हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या कडेला आपटणार नाही, म्हणजे उजळ भाग पांढराफट होणार नाही, इतका. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) मात्र काढून ठेवला, कारण सूर्याचा कोन बदलला की त्याचा परिणामही बदलतो. दुपारी पानांतून कवडसे पडतात तेव्हा दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) अंतराने तीन छायाचित्रे घेतो.

आता सायंकाळचे पाणी तांबूसच दिसते आणि खडक जागचा हलत नाही.