भाड्याची तारीख आणि न वटलेला धनादेश : या चुका टाळा

भाडे देण्याची तारीख तोंडावर आलेली असते, खात्यात धनादेश भरलेला असतो, मोबाइलवर शिल्लकही वाढलेली दिसते, आणि तरीही पैसे काढायला गेल्यावर ‘रक्कम अजून क्लिअर झालेली नाही’ असे उत्तर मिळते. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ अशा गावांत भाड्याच्या घरात राहणाऱ्या किंवा भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्या अनेकांनी हा प्रसंग अनुभवला आहे. हे बहुधा बेजबाबदारपणामुळे होत नाही. धनादेशावरची तारीख, तो बँकेत भरल्याची तारीख आणि ते पैसे प्रत्यक्ष वापरता येण्याची तारीख या तीन वेगवेगळ्या तारखा आहेत, हे वेळेवर ध्यानात न आल्यामुळे ते होते. भाड्याचा हिशेब यांपैकी तिसऱ्या तारखेवर मांडायचा असतो. मी तो पहिल्या तारखेवर मांडला आणि त्याची किंमत मोजली.

माझे रत्नागिरीत भाड्याच्या गाळ्यात छपाईचे काम आहे. ऑगस्ट 2025 मध्ये, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, एका गणेशोत्सव मंडळाच्या पावती पुस्तकांचे 18,400 रुपये मला धनादेशाने मिळाले. शुक्रवार, 8 ऑगस्टला दुपारी साडेतीन वाजता मी तो बँकेच्या पेटीत टाकला आणि त्याच संध्याकाळी गाळ्याच्या भाड्याचा 9,000 रुपयांचा धनादेश मालकांच्या हाती दिला. शनिवार महिन्यातील दुसरा होता, म्हणून बँक बंद, त्यानंतर रविवार. रविवारी, 10 तारखेला, दुचाकीच्या कर्जाचा हप्ता खात्यातून वळता होण्यासाठी आला आणि पुरेशा शिल्लकेअभावी परत गेला. सोमवारी मंडळाकडून मला मिळालेला आणि मी मालकांना दिलेला असे दोन्ही धनादेश समाशोधनाला, म्हणजे क्लिअरिंगला, गेले. मंगळवारी सकाळी मालकांना दिलेला धनादेश माझ्या खात्यावर आला, तोपर्यंत मंडळाचे पैसे जमा झालेले नव्हते; ते दुपारनंतर झाले. पासबुकात आता तीन ओळी आहेत: हप्ता परत गेल्याचे 295 रुपये, धनादेश परत गेल्याचे 354 रुपये आणि त्यांच्या खाली, काही तासांच्या अंतराने, जमेचे 18,400. कर्ज देणाऱ्या कंपनीने स्वतःचे 590 रुपये वेगळे लावले. एकूण 1,239 रुपये गेले, आणि पैसे तर त्याच दिवशी खात्यात आले होते.

शिल्लक दिसली म्हणजे पैसे आले, असे धरणे

पासबुकातील किंवा अ‍ॅपमधील एकूण शिल्लक आणि काढता येण्याजोगी शिल्लक यांत फरक असू शकतो. बँक धनादेशाची नोंद आधी करते, परंतु धनादेश काढणाऱ्याच्या बँकेकडून होकार येईपर्यंत ती रक्कम रोखून ठेवते. म्हणून अ‍ॅपमध्ये ‘उपलब्ध शिल्लक’ म्हणजेच अव्हेलेबल बॅलन्स असे जे वेगळे दाखवले जाते, तेवढेच आपले पैसे मानावेत.

4 ऑक्टोबर 2025 पासून रिझर्व्ह बँकेने धनादेशांची पद्धत बदलली. पूर्वी दिवसभराचे धनादेश गठ्ठ्याने जात आणि पैसे साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी मिळत. आता शाखेत आलेल्या धनादेशाची प्रतिमा दिवसभर सतत पुढे पाठवली जाते, समोरच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो, आणि तिने काहीच कळवले नाही तर धनादेश मान्य झाला असे धरले जाते. ही सुधारणा मोठी आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. तथापि, धनादेश वेळेत शाखेच्या माणसाच्या हातात पोहोचला तरच तिचा उपयोग होतो. दुपारी उशिरा पेटीत टाकलेला धनादेश दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडल्यावरच पुढे जातो, आणि तो दुसरा दिवस सुट्टीचा असला तर नवी पद्धतही काही करू शकत नाही. माझा धनादेश आजच्या पद्धतीतही सोमवारीच निघाला असता.

सुट्ट्या मोजण्यात होणारी गल्लत

महिन्यातील दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद असतात, ही व्यवस्था 1 सप्टेंबर 2015 पासून आहे. भाडे बहुतेकदा महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत द्यायचे असते आणि दुसरा शनिवार कधी कधी नेमका 8, 9 किंवा 10 तारखेला येतो. 1 एप्रिलला वार्षिक हिशेबासाठी बँकांचे ग्राहक व्यवहार बंद राहतात, आणि 1 मे, 2 ऑक्टोबर हे दिवसही महिन्याच्या सुरुवातीलाच येतात.

यातील खरी मेख मात्र वेगळीच आहे. सुट्टीच्या दिवशी धनादेश वटत नाही, परंतु कर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते आणि इतर स्वयंचलित वजावटी ज्या ‘नाच’ (NACH) या बँकांच्या सामाईक व्यवस्थेतून होतात, ती 1 ऑगस्ट 2021 पासून वर्षाचे सर्व दिवस चालते. म्हणजे रविवारी खात्यात धनादेशाचे पैसे येण्याची वाट बंद असते, पण खात्यातून पैसे जाण्याची वाट उघडी असते. भाडे आणि हप्ता एकाच खात्यातून जात असतील, तर हप्त्याची तारीख सुट्टीच्या दिवशी येते का, हे महिन्याच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेत पाहून तेवढी रक्कम बाजूला ठेवावी. कर्ज देणारी संस्था हप्त्याची तारीख बदलून देत असेल, तर भाड्याच्या तारखेपासून ती आठवडाभर दूर नेणे हा त्याहून चांगला उपाय होय.

पेटीत धनादेश टाकणे

पेटीत टाकलेल्या धनादेशाची पोच मिळत नाही, आणि तो गहाळ झाला किंवा उशिरा उचलला गेला तर आपल्या हाती पुरावा राहत नाही. खिडकीवर धनादेश देणाऱ्या ग्राहकाने पोच मागितली असता ती नाकारता येणार नाही, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. ‘पेटीत टाका, सगळे पेटीतच टाकतात’ असे सांगितले गेले, तरी भरणा पावतीच्या आपल्याकडील भागावर तारखेचा शिक्का शांतपणे आणि आग्रहाने मागून घ्यावा. पावसाळ्यात शाखेची ‘लिंक नाही’ असे अनेकदा ऐकावे लागते. अशा दिवशी तर हा शिक्का आवर्जून घ्यावा, कारण विलंब बँकेकडून झाल्यास तिच्या धनादेश वसुली धोरणाप्रमाणे नुकसानभरपाईचे व्याज मागता येते आणि त्या मागणीचा आधार ती तारीखच असते.

धनादेश लिहिण्यातील आणि स्वीकारण्यातील चुका

खाडाखोड हे धनादेश परत येण्याचे फार जुने कारण आहे. पूर्वी खोडून शेजारी सही केली की चालत असे. आता धनादेशाची केवळ प्रतिमा पुढे जाते, म्हणून डिसेंबर 2010 पासून नाव, आकडा किंवा अक्षरी रक्कम यांतील दुरुस्ती सहीसह केलेली असली, तरी प्रतिमेद्वारे वटणाऱ्या धनादेशावर ती चालत नाही. अपवाद फक्त तारखेची मुदत वाढवण्याचा. ‘सात’चे ‘आठ’ करून दिलेला धनादेश ग्राहकाने कितीही आश्वासन दिले तरी घेऊ नये, नवे पान फाडून द्यायला सांगावे. तारखेपासून तीन महिन्यांनंतर धनादेश निकामी होतो, हेही पाहावे. मराठीत लिहिलेला धनादेश पूर्णपणे ग्राह्य असतो. ‘इंग्रजीत लिहून आणा’ असे कोणी सांगितले तर ते नियमाला धरून नाही.

नावाचा घोळ आपल्याकडे विशेष होतो. घर मालकीणबाईंच्या नावावर, खाते त्यांच्या माहेरच्या नावाने, आणि भाडेकरू धनादेश लिहितो तो त्यांच्या यजमानांच्या नावाने, असे प्रकार मी पाहिले आहेत. खात्यावर जसे नाव आहे तसेच, आडनावाच्या स्पेलिंगसह, एकदा लिहून घ्यावे. 50,000 किंवा त्याहून अधिक रकमेचा धनादेश देताना, उदाहरणार्थ अनामत रकमेचा, आपल्या बँकेच्या पॉझिटिव्ह पे सुविधेत त्याचा तपशील आधी नोंदवावा. ही सुविधा 1 जानेवारी 2021 पासून आहे आणि मोठ्या रकमांसाठी काही बँका ती सक्तीची करतात.

आंबा बागायतदारांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. वाशीच्या दलालाकडून हिशेबाची पट्टी आणि धनादेश हाती येतात तेव्हा एप्रिल-मेची घाई असते, गडी-माणसांची मजुरी आणि कराराने घेतलेल्या बागेची रक्कम समोर उभी असते, आणि पट्टीवरील आकडा पाहूनच पुढचे धनादेश लिहिले जातात. पट्टी हा हिशेब आहे, पैसे नव्हेत. दलालाला रक्कम एनईएफटीने थेट खात्यात पाठवण्याची विनंती करावी. ही सेवा 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते आणि तिचे व्यवहार दर अर्ध्या तासाने पुढे जातात.

न वटलेल्या पैशांच्या भरवशावर पुढचा धनादेश देणे

माझी मुख्य चूक हीच होती. आपला धनादेश वटेपर्यंत मालकांना धनादेश देऊ नये. द्यावाच लागला तर तो कधी भरायचा हे स्पष्ट सांगावे. मी त्या शुक्रवारी एवढे एकच वाक्य बोललो असतो तर पुरे होते: ‘काका, माझे पैसे मंगळवारी जमा होतील, तुम्ही हा चेक कृपा करून बुधवारी भरा.’ ते नक्की थांबले असते. त्याऐवजी त्यांच्या बँकेनेही त्यांच्याकडून परतीचे शुल्क कापले आणि मला ते त्यांना भाड्यासोबत रोख द्यावे लागले. पैशांपेक्षाही सहा वर्षे एकही महिना न चुकलेल्या भाडेकरूकडे त्यांनी त्या दिवशी ज्या नजरेने पाहिले, त्याचे मला अधिक वाईट वाटले.

पुरेशा शिल्लकेअभावी परत गेलेला भाड्याचा धनादेश हा कायद्याचाही विषय आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 प्रमाणे, धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत घेणारा लेखी नोटीस पाठवू शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम दिली नाही तर तक्रार दाखल होऊ शकते. अशी नोटीस आल्यास घाबरून गप्प बसणे किंवा रोख देऊन पावती न घेणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. त्या 15 दिवसांत पूर्ण रक्कम खात्यातून खात्यात पाठवावी आणि व्यवहाराचा क्रमांक लेखी उत्तरात नमूद करावा. भाडे रोख दिले तर पावती मागण्यात संकोच नसावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 प्रमाणे भाड्याची लेखी पावती देणे घरमालकावर बंधनकारक आहे.

यूपीआयने भाडे पाठवताना खात्यातून रक्कम गेली पण मालकांकडे पोहोचली नाही, असे झाले तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नये. अडकलेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने 100 रुपये भरपाई द्यायची आहे.

कापलेले शुल्क मुकाट्याने सोडून देणे

प्रत्येक शुल्क योग्यच असते असे नाही. धनादेश परत जाण्यात ग्राहकाची चूक असेल तरच परतीचे शुल्क लावावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. प्रतिमा अस्पष्ट आली किंवा अशाच तांत्रिक कारणाने धनादेश परत गेला, तर ते शुल्क परत मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि घेणाऱ्याने पुन्हा काही करण्याची गरज नसेल अशा धनादेशाची पुढची पाठवणी बँकेने स्वतःहून करायची असते. म्हणून परतीच्या चिठ्ठीवरील कारण आधी वाचावे. किमान शिल्लक न राखल्याबद्दलचे शुल्कही जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणातच लावता येते, आणि केवळ त्या शुल्कामुळे बचत खाते उणे शिल्लकेत जाता कामा नये. या सर्व शुल्कांवर 18 टक्के जीएसटी लागतो. शुल्क परत मिळते तेव्हा तोही परत मिळाला का, ते पाहावे.

अर्ज तोंडी करू नये. चार ओळी पुरतात: खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, शुल्काची तारीख व रक्कम, परतीच्या चिठ्ठीवरील कारण, आणि ‘सदर शुल्क जीएसटीसह परत करावे’ ही मागणी. माझ्या बाबतीत चूक माझीच होती, तरी मी जुने खाते आणि त्याच दिवशी जमा झालेली रक्कम दाखवून विनंती केली. शाखेने धनादेशाचे 354 रुपये परत केले, हप्त्याचे केले नाहीत. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते आणि 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. पतसंस्थेत खाते असणाऱ्यांना हा मार्ग उपलब्ध नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्याविषयीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करावी लागते. भाड्याची रक्कम पतसंस्थेतच साठवणाऱ्यांनी किमान एका महिन्याचे भाडे बँकेच्या खात्यात ठेवावे, असे मला वाटते.

पुढे गाळ्याच्या कराराचे नूतनीकरण झाले तेव्हा मी मालकांना दोन ओळी घालण्याची विनंती केली आणि त्यांनी ती लगेच मान्य केली. भाडे 10 ऐवजी 15 तारखेपर्यंत एनईएफटीने द्यायचे, आणि तांत्रिक कारणाने ते अडकल्यास त्याच दिवशी कळवून पुढील कामकाजाच्या दिवशी द्यायचे, असे आता आमच्या नोंदणी केलेल्या करारात लिहिलेले आहे.