नववी न झालेली बॅच

धाकटी बहीण या जूनमध्ये आठवीला जाईल. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे आठवी म्हणजे हायस्कूल आणि हायस्कूल म्हणजे एसटीने नऊ किलोमीटर. ती रोज एक प्रश्न विचारते. तिला सांगता सांगता लक्षात आलं, की आमच्या बॅचकडे सांगण्यासारखं थोडं वेगळं आहे. म्हणून हे तिच्यासाठी आणि यंदा आठवीत बसणाऱ्या सगळ्याच पोरापोरींसाठी.

आम्ही २०२२ ची दहावी. जून २०१९ ला आठवीत आलो, मार्च २०२० ला कोरोनामुळे शाळा बंद झाली आणि आठवीची वार्षिक परीक्षा झालीच नाही. नववी गेली मोबाईलवर, तीही घरात दोन भावंडांत एक फोन आणि रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झालं, की नववीच्या सगळ्यांना परीक्षेशिवाय वरच्या वर्गात घालणार. आम्ही त्या दिवशी क्रिकेट खेळून साजरं केलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागातल्या शाळा परत उघडल्या तेव्हा आम्ही दहावीचे होतो आणि बोर्डाला साडेपाच महिने उरले होते.

पहिल्या आठवड्यातला भूमितीचा तास. सरांनी फळ्यावर त्रिकोणमितीचं पहिलं सूत्र लिहिलं, साइन वर्ग थीटा अधिक कॉस वर्ग थीटा बरोबर एक. मग सहज विचारलं, "साइन तीस किती रे?" वर्गात त्रेचाळीस जण. कुणी खाली बघतंय, कुणी कंपासपेटी उघडतंय. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीनं "एक?" असं विचारल्यासारखं उत्तर दिलं. सरांनी खडू ठेवला, फळा पुसला आणि म्हणाले, "नववीचं पुस्तक कुणाकडं आहे?" एकाकडे निघालं. बाकीच्यांनी घेतलंच नव्हतं. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, नववीला विकत घ्यावी लागतात, आणि शाळाच बंद तर कशाला, असा घरोघरी हिशोब झाला होता. त्या एका पुस्तकावरून सरांनी ३०-६०-९० चा त्रिकोण काढला. पुढचे तीन आठवडे आम्ही दहावीच्या वर्गात बसून नववी शिकलो.

तर माझं सांगणं एवढंच, की हायस्कूलचं खरं वर्ष नववी आहे. आम्हाला ते कळलं, कारण आम्हाला ते मिळालंच नाही. आठवीत नवी शाळा, नवे मित्र, हवेतच वर्ष जातं. दहावीत घरचे, शेजारचे, मामा-मावश्या सगळे पहारा देतात. नववीकडे कुणीच बघत नाही, मास्तरसुद्धा कधी कधी. आणि वर्गसमीकरणाला लागणारे अवयव, भूमितीची सिद्धता लिहायची पद्धत, आलेख काढताना प्रमाण कसं धरायचं, हे सगळं तोवर अंगात मुरलेलं हवं. आमच्यासाठी बोर्डानं अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता. पण कमी केलं ते दहावीचं. नववीचं जे आलंच नव्हतं, ते कोण कमी करणार? नववीची पुस्तकं घ्या, आणि दहावीचा निकाल लागेपर्यंत रद्दीत देऊ नका.

दुसरी गोष्ट हाताची. हसू नका. दीड वर्ष आम्ही गृहपाठाचे फोटो पाठवत होतो, तेही बऱ्याचदा एकाची वही दहा जणांत फिरवून. १५ मार्चला बोर्ड सुरू झालं तेव्हा ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास जादा होता, तरी मराठीच्या कृतिपत्रिकेत शेवटचं लेखनकौशल्य माझं चार ओळींवर राहिलं. येत नव्हतं असं नाही, बोटंच चालेनात. आठवीपासून आठवड्यातून एकदा तरी घड्याळ लावून सलग तासभर लिहा. क्लासवाले हे सांगत नाहीत, कारण त्याच्या नोट्स विकता येत नाहीत.

आठवीतच करायच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या मागाहून होत नाहीत. एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, तिची परीक्षा आठवीत एकदाच देता येते. लागलात तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. सातवीला निदान ५५ टक्के लागतात (एससी-एसटीला ५०) आणि घरच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सध्या ३,५०,००० रुपये आहे. माझ्या बाकावरचा जोडीदार गणितात माझ्यापेक्षा सरस, पण त्याच्या घरी उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही आणि फॉर्मची तारीख गेली. चार वर्षांचे ४८,००० गेले, एका कागदापायी. चित्रकला बरी असेल तर चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षा उरका, एलिमेंटरी आठवीत, इंटरमिजिएट नववीत. इंटरमिजिएटला ए ग्रेड असली तर दहावीला ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३. दहावीच्या वर्षात रंगपेटी उघडायला वेळ नसतो.

आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतलं, आपलं नाव स्वतः जाऊन वाचा. आईचं नाव, जन्मतारीख, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, सगळं आधारशी ताडून पाहा. दहावीचा फॉर्म त्यावरूनच भरतात. एकदा बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चूक छापली गेली, की ती पुढं प्रत्येक प्रवेशाला आडवी येते. आमच्यातल्या एका मुलीच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलंय. बारावीनंतरच्या प्रवेशाला ती प्रतिज्ञापत्र घेऊन फिरत होती.

आमच्या दहावीत आणखी एक भर पडली, ती एसटीच्या संपाची. दिवाळीपासून गाड्या बंद, त्या थेट बोर्डाचे पेपर संपले तरी सुरळीत झाल्या नव्हत्या. मुलींचा पास फुकट असतो, आम्हा मुलांना एक तृतीयांश भाड्यात मिळतो. पण गाडीच नाही तर पासाचं काय करायचं? मग वडाप. जीपमध्ये सोळा जण, मी मागे लोंबकळत, दप्तर आतल्या कुणाच्यातरी मांडीवर. त्या वर्षी आपापल्या शाळेतच परीक्षा केंद्र दिलं म्हणून निभावलं. त्या जीपमध्ये मी इतिहासाचे जेवढे प्रश्न पाठ केले, तेवढे घरी कधी केले नाहीत.

निकाल १७ जूनला लागला. राज्याचा ९६.९४ टक्के, त्यामुळे नातेवाइकांनी "यंदा सगळेच पास" म्हणून पेढेही हसतच खाल्ले. मला ८१. पहिल्या बाकावरची ती मुलगी आता फार्मसीला आहे. शेवटच्या बाकावरच्या एकाचं इंग्रजी राहिलं होतं. एटीकेटीवर, म्हणजे एक-दोन विषय राहिले तरी मिळणाऱ्या सवलतीवर, अकरावीला जाता येतं हे त्याला ठाऊक होतं, पण तो आयटीआयला वळला, वायरमन झाला. आमच्या घराची वायरिंग त्यानंच केली, आणि मित्र म्हणून एक रुपयाही कमी घेतला नाही.

हे सगळं मी बहिणीला दोन संध्याकाळी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एसटीत खिडकी मिळते का?"

सकाळच्या गाडीला मिळते. साडेपाचच्या परतीच्या गाडीला उभं राहायची तयारी ठेव.