चार्जरची वायर मानेपाशीच का जाते?

चार्जरची वायर सहसा मधे तुटत नाही, पिनेपासून बोटभर अंतरावर, म्हणजे तिच्या मानेपाशी तुटते. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारांचा पीळ असतो. पिन कडक, वायर मऊ, त्यामुळे सगळा वाक त्या सांध्यावरच येतो. दिवसातून २ वेळा लावली-काढली तरी वर्षात १,४६० वेळा ती मान हलते. आतली एकेक तार तुटत जाते, बाहेरून काहीच कळत नाही. मग एके दिवशी वायर ठरावीक कोनात धरली तरच फोन चार्ज होतो. (ती पुस्तकाखाली दाबून आपण आणखी महिनाभर ढकलतोच!)

काढताना वायर ओढू नका, पिनेचं डोकं धरा. गुंडाळताना चार्जरभोवती आवळू नका, सैल वेटोळं करा. सगळ्यांत वाईट सवय म्हणजे चार्जिंगला लावलेला फोन झोपून छातीवर उभा टेकवणं. सगळा भार पिनेवर.

मानेपाशी रबर फाटलं, फुगलं किंवा हाताला गरम लागलं, तर चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. उरलेल्या मोजक्या तारांतून सगळा प्रवाह जातो, म्हणून ती जागा तापते. तिथे वायर बदलायचीच.