जुन्या पीसीची रिस्टोअर सीडी अशी वाचवली

विंडोज ९८ वाल्या पीसीची ओरिजिनल रिस्टोअर सीडी (पीसी पुन्हा मूळ स्थितीत आणणारी), दुसरी मिळणं मुश्कील, आणि कॉपी नेमकी ६१ टक्क्यांवर अडकायची, ड्राइव्ह नुसता घरघर करत बसायचा. आधी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल अजिबात नाही), थोडाच फरक पडला. मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचून काढणारा प्रोग्राम) लावलं, ब्लॉक साइज (एका वेळी वाचायचा तुकडा) २०४८ बाइट, कारण डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे छोट्या कप्प्यात, डेटा तेवढाच असतो. न वाचलेले सेक्टर मॅपफाइलमध्ये नोंदले जातात, म्हणून तीच फाइल ठेवून सीडी दुसऱ्या जुन्या ड्राइव्हमध्ये टाकली आणि त्या पठ्ठ्याने उरलेले सगळे वाचले! आयएसओ (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली कॉपी) चेकसमसकट (फाइल बिघडली नाही ना ते तपासायचा आकडा) दोन डिस्कवर ठेवलीय. आणि हो, लेबलच्या बाजूला ओरखडे पाडू नका, डेटाचा थर तिथेच असतो.