कंटाळलेल्या मुलाला तीनच रंग द्या
घरात बसून मूल कंटाळलं की अख्खी रंगपेटी पुढ्यात ठेवू नका. लाल, पिवळा, निळा एवढे 3 जलरंगच द्या. हिरवा हवा असेल तर निळ्यात पिवळा किती घालायचा, हे शोधण्यात ते छान रमतं. त्याहून मोठी गंमत मेणाच्या खडूची! पांढऱ्या कागदावर पांढऱ्याच खडूने दाबून चित्र काढा आणि मुलाला वरून पातळ जलरंग फिरवू द्या. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे लपलेलं चित्र उमटून येतं. मग पुढचं गुपित चित्र त्याला तुमच्यासाठी काढू द्या. अगदी लहानांना जाड खडू बरे, मुठीत नीट धरता येतात. आणि रंग रेषेबाहेर गेला म्हणून कृपया टोकू नका.